अनेझा आणि राखेतली वाईन

फेब्रुवारीत आमच्या सांतोरिनी बेटाची जमीन सारखी हादरत होती. गाव बोटीनं अथेन्सला निघून गेलं. मागे उरलो मी आणि माझे सासरे याकोव्हो. नवरा तेलाच्या जहाजावर. फोनवर म्हणायचा, "अनेझा, बाबांना घेऊन अथेन्सला तुझ्या बहिणीकडे निघ." सांगायला काय जातंय!

सासरे मळा सोडायला तयार नव्हते. आमच्या वाऱ्यात द्राक्षवेल उभी राहत नाही. थंडीत छाटून ती ज्वालामुखीच्या राखेवरच टोपलीसारखी गोल विणायची, म्हणजे घड आत सुखरूप राहतात. अर्धा मळा विणायचा बाकी होता.

त्या दिवशी दुपारच्या बोटीची तिकिटं मी काढली, तर म्हातारा गायब. शेवटी टेकडीत कोरलेल्या आमच्या वाईनच्या गुहेत सापडले, पिंपाला टेकून बसलेले.

"मामंजी, उठा. बोट सुटेल."

"सुटू दे. तिला कुणी धरून ठेवलंय?"

"तुमच्यापायी मी इथे अडकलेय!"

"मग जा की. मी काय बेडी घातलीय तुला?"

"तुम्हाला टाकून गेले तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"गावात आहे कोण? गाढवंसुद्धा नेली."

मी तोंड उघडलं तोच जमीन गुरगुरली. दाराच्या बाजूनं भुसभुशीत पांढरा दगड धडाधडा कोसळला आणि काळोख झाला. फोनच्या उजेडात पाहिलं: दार पार बुजलं होतं. फोनला रेंज नाही. मी ओरडले, दगड उपसले; एक काढला की दोन खाली यायचे. धुळीनं घसा बंद झाला.

सासऱ्यांनी पिंपाची तोटी सोडून माझ्या ओंजळीत वाईन ओतली. पांढरी, लिंबासारखी आंबट, मागून समुद्राचा खारटपणा. पुन्हा हादरा आला तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुम्हालाही भीती वाटते?"

"बोटीची जास्त वाटते," ते म्हणाले. "मार्गरीटाला बोटीनं दवाखान्यात नेलं, ती पेटीतून परत आली. मी तरी कसा परत येणार?"

सासूबाई गेल्यापासून त्यांनी बायकोचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनीच छताकडे बोट दाखवलं. तुडवायच्या हौदात वरून द्राक्षं टाकायचं जुनं भोक, फळीनं झाकलेलं. मी पिंपावर चढले, त्यांनी पाय धरले. फळी खांद्यानं सरकवली आणि खरचटत वर निघाले.

बाहेर लख्ख ऊन. खाली खाडीत बोट लागत होती. धावले असते तर मिळाली असती. पाय तिकडे वळलेही, खोटं का बोलू? मग मी मळ्यातली कुदळ उचलली आणि दार खणायला घेतलं.

संध्याकाळी सासरे कसेबसे सरपटत बाहेर आले. कपड्यांवरची धूळ झटकून म्हणाले, "पुढची बोट कधी?"



रात्री वारा सुटला आणि तो पडेपर्यंत बोटी बंद होत्या. तोवर आम्ही जमेल तेवढ्या वेली विणल्या. बाकीच्या तशाच मोकळ्या राहिल्या. बोटीवर ते बेटाकडे पाठ करून बसले.

मग म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या घराला खिडकी आहे ना?"

"आहे. समोरच्या इमारतीची भिंत दिसते."

"बरं," ते म्हणाले, आणि टोपी कपाळावर ओढून घेतली.