फाट्यावरचं बाकडं

आखाडा बाळापूरच्या इनायतभाई शिंप्याची समरीन पुण्यात बसून स्मार्ट सिटी आखते. हसू नका, खरंच आखते. कॉम्प्युटरवर आधी शहरातली माणसं मांडायची, मग त्यांच्या गरजा, त्याखाली सेवा, सगळ्यात खाली सेन्सर आणि तारा. असे थरावर थर लावायचे आणि चौकटी बाणांनी जोडायच्या. ज्या चौकटीला कुठूनच बाण येत नाही, ती पुसायची, हा तिथला नियम. या आठवड्यात तिने बसथांब्यांवरची बाकडी पुसली. बस कुठवर आली ते मोबाइल दाखवतो, मग वाट बघत बसायचं कुणी?

हाच नियम तिने घरीही लावला. ती येणार म्हटलं की अब्बा सकाळपासून गावाजवळच्या वारंगा फाट्यावर, देविदासच्या चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर ठाण मांडून. गुडघे दुखतात, ऊन मी म्हणतं, पण ऐकतील तर शपथ! शेवटी तिने त्यांना फोनवर गाडी कशी बघायची ते शिकवलं आणि वर दम भरला, "गाडी अर्धापूरला आली की मगच घर सोडायचं."

शनिवारी दुपारी ती फाट्यावर उतरली. बाकडं रिकामं. कॉलेजात होती तेव्हापासून गाडीच्या खिडकीतून बाकड्यावरची अब्बांची पांढरी टोपी दिसली, की घर आलं असं वाटायचं तिला. आपल्याच हाताने घालवलं की गं बाई, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात टपरीमागून अब्बा आले. "बराबर टायमावर आलो की न्हाई?"

देविदास फस्सकन हसला. "कशाचं टायमावर! सकाळपासून इथंच हायेत. गाडी दिसली तसे मागं दडले. म्हणले, पोरगी रागावती."

आता बोला! अब्बा आपल्या चपलेकडे बघत उभे राहिले.

"काहून अब्बा? फोनवर गाडी दिसत नव्हती का?"

"गाडी दिसून राहिली होती गं. तू कुठं दिसून राहिली होती? घरात दिवस सरत न्हाई. इथं बसलं की तू येऊन राहिली, असं वाटतं."

समरीनने बॅग खाली टाकली आणि त्यांना खेटून बाकड्यावर बसली. घरी जायची घाई दोघांनाही नव्हती. सोमवारी ती नकाशावर बाकडी परत मांडणार होती, थांब्याथांब्याला. पण त्या एवढ्या मोठ्या शहरात एकाही बाकड्यावर तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.