एकोणिसावा नियम

मी वही बोलतेय. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची, वणीच्या बाजारातून आणलेली. वह्या शांत असतात असं लोकांना वाटतं. काहीही लिहा, वही ऐकून घेते. मीही ऐकून घेतलं. पण मला राग आला आहे, आणि सात महिने झाले तरी तो उतरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण ते काही मला आठवत नाही. मला आठवतं ते मंदारच्या घरचं वरच्या मजल्यावरचं टेबल आणि रविवारची दुपार. मंदार वकिलांचा मुलगा. पुण्यात इंजिनिअरिंग करून तो वणीला परत आला आणि घरूनच कंपनीचं काम करू लागला. येताना त्याने एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं.

या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. तो म्हणतो, समोर दरी आहे, काय करता? मग ज्याने त्याने आपल्या पात्राने काय केलं ते सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राची कौशल्यं असतात: चढणं, लपणं, माग काढणं, वाचन. ज्या कौशल्याचा आकडा मोठा, ते काम जमायची शक्यता जास्त.

पुस्तकातली कौशल्यं इकडे बसेनात. म्हणून हे लोक स्वतःचे नियम करू लागले. 'घरचे नियम' म्हणायचे त्यांना. ते लिहायला मी आले. लिहायचं काम सलोनीकडे गेलं, कारण तिचं अक्षर चांगलं. सलोनी राळेगावकडची, शेतकऱ्याची मुलगी. वणीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. पुस्तकातल्या घोडेस्वारीच्या जागी तिने 'जनावर हाकणं' लिहिलं. बाजारात भाव करण्याचाही नियम तिचाच: आधी खरंच तोंडाने भाव करून दाखवायचा, मग फासा टाकायचा. त्या दिवशी सगळे इतके हसले की माझ्या पाचव्या पानावर चहा सांडला. तो डाग मला आवडतो.

तिसरा पियुष. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. खेळात तो राजपंडित होता. चौथ्याला पियुषनेच आणलं. हिरासिंग त्याचा खोलीतला जोडीदार. दिग्रसकडच्या तांड्यावरचा, खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. त्याने सोमला नावाचा वाटाड्या घेतला, रानकुळातला, म्हणजे खेळातल्या जंगलात राहणाऱ्या लोकांपैकी.

पहिल्याच रविवारी हिरासिंगने एक प्रश्न विचारला. "फासा चुकला म्हंजे माणूस काहीच शिकला नाई, असं कसं? मी वायर जोडतानी झटका खाल्ला, तवाच तर शिकलो."

त्यावर सातवा नियम झाला. काम फसलं तर कौशल्यापुढे एक टिंब द्यायचं. पाच टिंबं झाली की ते कौशल्य एकाने वाढतं. माझ्यात लिहिलेल्या सगळ्या नियमांत हा सगळ्यात शहाणा नियम आहे. मंदारनेही मान डोलावली होती.

सोमलाला माग काढता येत होता, रान वाचता येत होतं. पण हिरासिंगने सगळी मेहनत एकाच कौशल्यावर घातली: वाचन. पाच महिने. गोष्टीत वाटेवर शिवेचा दगड आला, की सोमला वाचायला बघायचा आणि फासा चुकायचा. टिंब. धर्मशाळेची पाटी आली. टिंब. पियुष चिडवायचा, "अबे, तुह्या सोमलाले शाळेतच टाक ना." हिरासिंग हसायचा आणि टिंब द्यायचा. असं करत करत सोमलाचं वाचन सहावर गेलं.

मग तो गुहेचा रविवार आला. मंदारने गुहेत एक शिलालेख ठेवला होता. त्याच्या मनात होतं की तो राजपंडिताने वाचावा, राजाकडे न्यावा, आणि त्यावर पुढचे तीन रविवार जावेत. पियुषने फासा टाकला. तीन पडले. पंडिताला काही वाचता आलं नाही.

हिरासिंग म्हणाला, "सोमला पाह्यते एकदा."

अठरा पडले. सोमलाने शिलालेख वाचला. सलोनीने टाळ्या वाजवल्या, पियुषने हिरासिंगच्या पाठीत थाप मारली. हिरासिंग नुसता फाशाकडे बघत राहिला. मंदारने पुस्तक मिटलं आणि आज इथेच थांबू म्हणाला. पंडिताभोवती रचलेली तीन रविवारांची त्याची गोष्ट एका फाशात संपली होती.

पुढच्या रविवारी त्याने सलोनीला अर्धा तास आधी बोलावलं. "एक नियम राहिलाय," तो म्हणाला. "लिही."

तिने लिहिलं. आजही माझ्या अडतिसाव्या पानावर तो तिच्या देखण्या अक्षरात आहे. 'नियम १९. रानकुळातल्या पात्राला वाचन एकच्या वर नेता येणार नाही. आधी वाढवलं असल्यास ते परत एकवर आणावं.'

"हे कायले?" तिने मध्येच विचारलं होतं.

"समतोल राहतो. रानातल्या माणसाने शिलालेख वाचला तर पंडिताला अर्थ काय राहिला?"

तिचं पेन थांबलं. मग पुन्हा चाललं. त्या थांबण्याचं कौतुक मला सांगू नका. थांबलेलं पेन खाली ठेवताही येतं.

मग पियुष आणि हिरासिंग आले. मंदारने मला हिरासिंगपुढे ठेवलं आणि सोबत एक खोडरबर सरकवलं. सोमलाच्या कौशल्यांचा कागद पेन्सिलीने लिहिलेला होता. हिरासिंगने नियम वाचला. मोठ्याने, सावकाश, पूर्णविरामापर्यंत वाचला. मग त्याने खोडरबर बोटाने थोडं दूर केलं.

"माहा बाप सातवी शिकला," तो म्हणाला. "सही करते तो, झोकदार. पण बँकेत गेला का तिथला बाबू न इचारता शाईचं पॅड पुढं सरकवते. अंगठा लाव म्हणते. तू हे रबर तसंच सरकवलं."

"अरे, हे तुझ्याबद्दल नाही," मंदार म्हणाला. "पात्राबद्दल आहे. खेळ आहे हा."

"खेळ आहे म्हणूनच म्हणून राह्यलो. बाहेरचे नियम मले इचारून कोनी करत नाई. इथं तं आपले नियम आपनच लिवतो ना? मंग हाच काहून लिवला?"

मंदार पुस्तकाची पानं उलटू लागला, जणू उत्तर तिथे छापलेलं असेल.

हिरासिंगने पियुषकडे पाहिलं. "तू काय म्हणतं?"

दोन वर्षं एका खोलीत राहिलेला, एका स्टोव्हवर भात शिजवलेला माणूस. तो म्हणाला, "जाऊ दे ना बे. खेळच तं आहे."

हिरासिंगने सोमलाचा कागद टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझा खरा राग त्याच्या पुढचा आहे. खेळ थांबला नाही. सोमलाचा कागद मंदारने आपल्याकडे घेतला आणि गोष्टीत त्याला ठेवून दिलं. पुढचे चार रविवार सोमला मागून चालत होता. "सोमला ओझं उचलतो," मंदार सांगायचा. "सोमला मशाल धरतो." कुणाचा फासा चुकला की सातव्या नियमाप्रमाणे टिंब मात्र आठवणीने दिलं जायचं. नियम हिरासिंगचा, हमाली सोमलाची, आणि माझ्या दोनशे पानांत हिरासिंगचं नाव तोवर कुठेही नव्हतं. मला तोंड असतं तर त्या टेबलावर मी काय बोलले असते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या रविवारी सलोनीने निघताना मला पिशवीत टाकलं. मंदारच्या पुस्तकाखालून सोमलाचा कागदही काढून घेतला. मंगळवारी लॅब सुटल्यावर ती हिरासिंगच्या खोलीवर गेली. पियुष दुकानात होता. हिरासिंग खाली बसून टेबलफॅनची मोटर उघडत होता. त्याने तिला पाणी दिलं, पण बस म्हणाला नाही. ती आपणच बसली.

"माफी मागाले आली," ती म्हणाली.

"लिवलं तं तूच होतं."

"हो. मीच लिहिलं. त्यानं सांगितलं अन् मी लिहिलं."

तो स्क्रू फिरवत राहिला. सलोनीने मला उघडलं, अडतिसावं पान चिमटीत धरलं. "हे पान फाडून टाकते."

"फाडू नको." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "फाडलं का उद्या तो म्हणन, असं काई लिवलंच नव्हतं. नावं टाक. कोन्या नियमाले कोन, ते लिव."

ती लिहायला बसली. पहिल्या नियमापासून. समासात एकेक नाव. जनावर हाकणं, सलोनी. चुकलेल्याचं टिंब, हिरासिंग. ती एकोणिसाव्यापाशी आली. या वेळी पेन थांबलं नाही. 'सांगितला: मंदार. लिहिला: सलोनी. गप्प बसला: पियुष.'

हिरासिंगने वाचून पाहिलं आणि नुसती मान हलवली. सोमलाचा कागद त्याने घडी घालून पेटीत ठेवला.

"येशील का परत?" तिने विचारलं.

"नाई. पन तुले खेळाचं असन तं इथं ये. टेबल नाई माह्यापाशी, चटई आहे."

रविवारी सलोनीने ते पान मंदारपुढे ठेवलं. तो वाचून लाल झाला. "ही काय कोर्टाची फाईल आहे? इतक्या साध्या गोष्टीचं तू काय करून ठेवलंस?"

"साधी आहे तं नाव राहू दे ना," ती म्हणाली. "नाव असल्यानं काय होते?"

ती निघून गेली आणि मला तिथेच ठेवून गेली. वही टेबलाची, म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांची आहे म्हणाली, डोळ्यापुढे राहू दे म्हणाली. मला समोर बघून मंदारला लाज वाटेल असं तिला वाटलं. माणसांवर तिचा जरा जास्तच विश्वास. त्याच आठवड्यात मंदारने सगळे नियम कॉम्प्युटरवर उतरवले, एकोणिसाव्यासकट, आणि इंटरनेटवर टाकले. वर लिहिलं, 'आमच्या टेबलाचे घरचे नियम'. लांबलांबच्या खेळाडूंनी सातव्या नियमाची तारीफ केली. तो ती पियुषला वाचून दाखवत होता. नाव एकाचंही नाही.

एकदा मंदार चहा आणायला खाली गेला, तेव्हा पियुषने मला उघडलं. मला वाटलं, आता हा नियमावर रेघ मारेल. एक रेघ, बस. त्याने स्वतःच्या नावावर रेघा मारल्या. इतक्या जोरात की कागद फाटला आणि मागच्या तीन पानांवर वळ उठले. तिरप्या उजेडात धरलं तर ते तिथे अजून दिसतात.

आता मी मंदारच्या कपाटात, जुन्या चार्जरांच्या खाली आहे. माझी शंभरावर पानं कोरी आहेत आणि ती मला कुणाकडूनही भरून नको आहेत. कधी कोणी मला बाहेर काढलंच, तर रद्दीत घाला, हरकत नाही. त्याआधी अडतिसावं पान एकदा मोठ्याने वाचा. हिरासिंगने वाचलं होतं तसं, सावकाश, पूर्णविरामापर्यंत. आणि मग समासातली नावंही वाचा.