पाळण्याचं तिकीट

देवळाली प्रवरात आक्काबाईंच्या ओसरीवर सागवानी पाळणा सुटा होऊन पडला होता. लेक राजनंदिनी त्यातच वाढलेली. आता तिला जर्मनीत लेक झाली होती. पहिला पाळणा माहेरचा, आणि आजी पोचल्याशिवाय बारसं नाही, असं ठरलेलं.

मुलगा हर्षल याने गोणपाटात बांधलेला पाळणा कांद्याच्या काट्यावर ठेवला. "बावीस किलो सातशे! बॅगेला तेवीस चालतात, पास!"

कामासाठी सतत विमानानं फिरणाऱ्या हर्षलकडे विमान कंपनीचं गोल्ड कार्ड होतं. त्यावर एक जादा बॅग मिळायची. ती जागा पाळण्याची.

तेवढ्यात मोबाईल वाजला. वाचता वाचता हर्षलचा चेहरा उतरला.

"आई, माझ्या कार्डाची विमान कंपनी एक तारखेला कंपन्यांच्या जुन्या गटातून फुटून दुसऱ्या गटात चाललीय. आपलं विमान जुन्या गटातल्या दुसऱ्या कंपनीचं. एकपासून तिथं माझं कार्ड चालणार नाही. जादा बॅग बंद."

"म्हंजी पुढाऱ्यांवानी पक्ष बदलला की! आन् आपलं तिकीट?"

"दोन तारखेचं. आधी एकतीसचंच होतं. तूच बदलायला लावलंस."

आक्काबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एकतीसला अवस होती.

"बॅगेचे पैसे भरायचे, आई, तर तेवढ्यात तिकडं चार पाळणे येतील."

"चार आन की! राजूचे दात उमटलेला ह्यो एकच हाय." त्यांनी दांडीवरून बोट फिरवलं. "पुन्हा एकतीसचं मिळंल का रं?"

"गोल्डवाल्यांना तारीख फुकट बदलून मिळते. एकतीसपर्यंत मी गोल्डच हाय की!"

जाऊ लंकाबाई चुलीपासून उठून आल्या. "आवसंला उंबरा वलांडता? जाऊबाई, इमानाच्या नादानं येडं लागलं व्हय?"

"लंके, आवसंला चांद दिसत न्हाई, येवढंच ना? माझा चांद तिकडं बिनपाळन्याचा निजलाय. कर रं हर्षा, बदल!"

हर्षलचा अंगठा फिरला. "झालं!"

एकतीसला पहाटे गाडी मुंबईच्या वाटेला लागली आणि आक्काबाईंना ओवी फुटली:

माहेरचा पाळणा
ढगावरून जाई
नात माझी गं बाई
गाढ झोपे

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड मशीनला लावलं.

"तीन बॅगा. चालतील. या गोणपाटात काय आहे, आजी?"

"माझ्या नातीचं माहेर."

मुलगी हसली, तिने पट्टी चिकटवली. पट्टा सुरू झाला, गोणपाट हलकेच डुललं.

आक्काबाईंनी हात उंचावला. "दमानं जा रं बाबा, आलेच मी मागनं!"