टेबलाच्या पायाखालची चिठ्ठी

माझ्या तराजूवर माशी बसून उडाली, तर तिच्या पायाची किती धूळ मागे राहिली ते मी सांगत असे. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा. क्षारांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी वजनं केली. काचेच्या पेटीतल्या त्या तराजूला आम्ही सासूबाई म्हणायचो; तिच्यापुढे श्वासही जपून सोडावा लागे.

माझी एक खोड होती. लिथियमच्या क्षाराचं नवं पिंप आलं की लेबलावर विश्वास ठेवायचा नाही. चिमूटभर क्षार तोलायचा, चांदीच्या द्रावणाने साका पाडायचा, तो सुकवून तोलायचा आणि त्यावरून लिथियमचा अणुभार काढायचा. पुस्तकात ६.९४, माझाही ६.९४. मग दिवसभर मिशीला पीळ.

त्या वर्षी आला ६.९७.

पुन्हा केलं. तेच. पाणी बदललं, भांडी बदलली, चष्मा बदलला. तीन महिने आकडा हटेना. साहेब म्हणाले, "काका, पुस्तक चुकलं की तुम्ही?"

गोदाम माझ्या साडूकडे होतं. धाकट्या मेहुणीचा नवरा. नोकरीला मीच चिकटवलेला. तो साहेबांसमोर हळूच म्हणाला, "दादा, राग मानू नका, पण हात थरथरतो हल्ली तुमचा. परवा चहा बशीत सांडला."

"कप तूच काठोकाठ भरला होतास!"

साहेब हसले. पण महिनाअखेर निवृत्तीचा अर्ज द्या, असं सांगून हसले.

बुडता काडीला धरतो, तसं मी टेबलाला धरलं. म्हटलं, हे डुगडुगतं, म्हणून वजन चुकत असेल. साडू लगेच वाकला, खिशातला एक कागद दुमडून पायाखाली सरकवला. कागद फेकणं त्याच्या जिवावर येई; खिसे सदा फुगलेले. माझे डोळे भरून आले. म्हटलं, शेवटी आपला माणूस.

घरी अर्ज लिहायला बसलो. बायकोने सुई-दोरा पुढे केला. "आधी हे ओवा."

पहिल्याच झटक्यात ओवला.

"हात तर शाबूत आहे," ती म्हणाली. "मग चुकतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी वरच्या फळीवरून माझ्या गुरुजींच्या काळातली बाटली काढली. तोच क्षार, वीस वर्षं जुना. तोलला. ६.९४! आनंदाने टेबलावर अशी थाप मारली की सासूबाईंचे काटे नाचले आणि पायाखालचा कागद बाहेर आला.

माल पाठवणाऱ्याची चिठ्ठी होती ती. 'यातला हलका लिथियम बराचसा काढून घेतला आहे. अणुभार नेहमीपेक्षा जास्त भरेल.'

लिथियम म्हणजे एका आडनावाचे दोन भाऊ. एक हलका, एक जड; स्वभाव सारखाच, म्हणून दोघांना एकच नाव. शंभरात सात-आठ हलके, बाकी जड. पुस्तकातला अणुभार म्हणजे त्या सगळ्यांची सरासरी. हलके गुपचूप काढून घ्या, उरलेल्यांची सरासरी वर चढते. माझा हात तीन महिने खरं बोलत होता.

गोदामात गेलो. चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

"वाचली होतीस?"

"माल स्वस्तात मिळाला, दादा. साहेबांनी पाठ थोपटली माझी. तेव्हा हे कुठे सांगत बसू?"

"आणि माझा हात?"

"तुम्ही तरी प्रत्येक पिंप कशाला तोलत बसता? दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं."

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. माझा लिहिलेला अर्ज मागून घेऊन फाडला. मग विचारलं, "ही होती कुठे?"

"टेबलाच्या पायाखाली."

"ठेवली कुणी?"

मला मेहुणी आठवली, तिची दोन पोरं आठवली. आयुष्यभर मी थापा मारल्या, गावभर हसवलं. पण "माहीत नाही, साहेब" ही एवढीशी थाप मारताना मिशीला हात जाईना.

साडू अजून घरी येतो. तोच आवाज, तेच "दादा, दादा". परवा कारखान्यात नवा कागद दुमडून माझ्या तराजूच्या टेबलाशी वाकला.

म्हटलं, "राहू दे. डुगडुगू दे."