सेनापतीचा आवाज

डबिंगच्या खोलीत काकांनी दिवे मालवले. काका म्हणजे चित्रपटाचे दिग्दर्शक, बाबांचे जुने मित्र. डबिंगआधीच बाबा गेले, म्हणून त्यांचा आवाज एका मिमिक्री कलाकाराने दिला होता. घरच्यांना पटला तरच तो ठेवायचा, असं काकांचं म्हणणं. घरची आता मी एकटीच.

चित्रपट ऐतिहासिक. लढाईत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळलेला सेनापती पुन्हा चालायला शिकतो आणि उचलून न्यायला आलेल्यांना बाजूला सारून दरबारात जातो. शेवटी त्याला एकच वाक्य आहे. "दार पूर्ण उघडा, मी चालत येतोय."

सेनापतीची भूमिका करणाऱ्या बाबांना स्वतःलाच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय ओढत चालण्याचा अभिनय त्यांना करावा लागला नाही. जीभ मात्र जड झाली होती. ते वाक्य त्यांनी वर्षभर स्वयंपाकघरात म्हटलं. मी भाजी चिरायची, ते ओट्याला धरून उभे.

"कळलं का?"

"दार तेवढं कळलं."

"मग बस तिथेच दारात!"

पडद्यावर बाबा आले, बोलले. आवाज हुबेहूब होता. फोनवर "बोल गं" म्हणायचे, तो. मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"जमलं का, ताई?" शेजारी बसलेल्या मिमिक्री कलाकाराने विचारलं.

"बाबाच आहेत. पुन्हा लावा."

आणखी दोनदा ऐकलं. सुख वाटत होतं, हे खरं. पण हे बाबा झटक्याआधीचे होते. त्यांना या वाक्यासाठी वर्ष घालवावं लागलं नसतं.

"शूटिंगच्या वेळचा आवाज आहे?"

"तो नुसता अंदाजासाठी घेतात," काका म्हणाले. "जनरेटरची घरघर आहे त्यात."

"असू दे."

घरघर सुरू झाली. तिच्यातून बाबा एकेक शब्द ओढत आले. "चालत"वर अडले, थांबले, पुन्हा तोच शब्द घेतला आणि वाक्य पुरं केलं. काका बहुतेक "कट" म्हणायचं विसरले होते. मग बाबांनीच कुणाला तरी विचारलं, "कळलं का?"

"कळलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

कलाकाराने कानांवरचे हेडफोन काढले. "काका, माझी सुट्टी झाली म्हणायची."

काकांनी दिवे लावले. "घरघर थोडी कमी करता येईल," ते म्हणाले. "तो प्रश्न मात्र कापावा लागेल."

"कापा," मी म्हटलं.