अनवधानाने

रुग्णालयाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथे दोघी बहिणी कामाला होत्या. थोरली चादरींना इस्त्री करणाऱ्या रुळांच्या यंत्रावर, तर धाकटी घड्या मोजून वॉर्डांत पोचवायला. आई गेली तेव्हा थोरली सोळाची होती आणि धाकटी सहाची. धाकटीची शाळा सुटू नये म्हणून थोरलीने आपली सोडली. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. ती बोलायची ती यंत्राबद्दल, आणि तेही शिव्या घालून.

धाकटीची जीभ जागा बघून वळायची. खाली ती म्हणे, ‘काय गं, चादरी देतेस की मुहूर्त काढू?’ आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की तीच म्हणे, ‘सिस्टर, आपल्या बारा चादरी आणल्यात, जरा बघून घेता का?’ थोरलीला त्याचं फार कौतुक. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं ती बायकांना सांगायची आणि बहिणीकडे बोट दाखवायची.

व्यवस्थापकांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी धाकटीला वर कार्यालयात पत्रं लिहायला बसवलं. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. हळूहळू ती घरीही तसंच बोलू लागली. थोरली हसायची. घरात सरकारी बोलू नकोस, म्हणायची, जेवण अंगी लागत नाही.

एकदा रुळांपुढची जाळी तुटली. थोरलीने मुकादमाला सांगितलं, मग व्यवस्थापकांना सांगितलं, आणि शेवटी धाकटीला म्हणाली, तू लिही बाई, तुझं तरी ऐकतील. धाकटीने लिहिलं, ‘यंत्राची जाळी बदलणे इष्ट ठरेल.’ थोरलीने विचारलं की हात जाईल असं लिहिलंस ना? तसं लिहीत नाहीत, असं धाकटीने तिला समजावलं. कागद फायलीत गेला.

आठव्या दिवशी एक चादर रुळांत अडकली. ती सोडवताना थोरलीचा उजवा हात आत ओढला गेला. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांनी अंगठा आणि एक बोट वाचवलं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी धाकटीला बोलावून चहा दिला. चौकशी समितीला थोरलीचं निवेदन हवं होतं. तिची भाषा कशी आहे ते तुम्हाला माहीतच आहे, ते म्हणाले, तशीच समितीपुढे गेली तर नुकसान तिचंच. तुम्ही नीट शब्दांत लिहून द्या.

धाकटी खाटेशी बसून ऐकत गेली. थोरली म्हणाली, ‘जाळी नव्हती. तीनदा बोंबलले. मेले ऐकतात कुठे! चादर सोडवायला गेले आणि रूळ मला घेऊन गेला.’

वर येऊन धाकटीने ते चांगल्या भाषेत मांडलं. व्यवस्थापकांनी पेन्सिल घेतली. ‘जाळी नव्हती’ यात आरोपाचा सूर येतो, ते काढू. ‘तीनदा’ कशाला, तारखा कुठे आहेत? दर खेपेला बदल एवढासाच वाटायचा. शेवटी एक वाक्य राहिलं: माझा हात यंत्राच्या संपर्कात आला. हे उघडं वाटतं, ते म्हणाले, मध्ये एखादा शब्द हवा. तो शब्द त्यांनी सुचवला नाही. धाकटीलाच सुचला. ‘अनवधानाने.’ वाक्य एकदम बसलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला बरं वाटलं.

तिने ते थोरलीला वाचून दाखवलं. औषधांनी थोरलीचे डोळे मिटत होते.

‘हे मी बोलले?’

‘तूच. फक्त नीट करून.’

‘बाईसाहेब बोलल्यासारखं वाटतंय,’ थोरली म्हणाली आणि डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

महिन्याभराने निकाल आला. कर्मचाऱ्याने स्वतःच निष्काळजीपणा मान्य केला आहे, सबब व्यवस्थापनाचा दोष नाही. आणि हात निकामी असल्याने कामावर ठेवता येत नाही. थोरलीने कागद दोनदा वाचला. मग चुलीपाशी उभ्या असलेल्या धाकटीला विचारलं, ‘अनवधान म्हणजे काय गं?’

‘म्हणजे नकळत. जाणूनबुजून नव्हे, अशा अर्थाने...’

‘माझ्या भाषेत सांग.’

धाकटीने मान खाली घातली. ‘म्हणजे तुझं लक्ष नव्हतं.’

थोरलीने डाव्या हाताने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, ‘आई गेल्यापासून चौदा वर्षं माझं दुसरीकडे लक्षच नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी धाकटी व्यवस्थापकांपुढे तळघरातल्या भाषेत बोलली. त्यांना राग आला नाही. त्यांनी फाइल उघडून तिच्या हातचं निवेदन तिच्यापुढे ठेवलं, आणि जाळीचं पत्रही. इष्ट म्हणजे आवश्यक नव्हे, ते शांतपणे म्हणाले. दार लावून घ्या जाताना. ती गेली आणि पुन्हा खिडकीजवळ बसली. घरात आता एकच पगार येत होता.

थोरली डाव्या हाताने लिहायला शिकली. तीन आठवडे खपून तिने समितीला अर्ज लिहिला, बोलते तसाच, मेल्यांसकट. शुद्धलेखन तरी बघू दे, असं धाकटी म्हणाली, तर तिने कागद छातीशी धरला.

अर्ज आला तो धाकटीच्याच टेबलावर. वर शेरा होता: भाषा असभ्य, विचारात घेता येत नाही, तसे सौजन्यपूर्वक कळवावे. धाकटीने तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मग तिने यंत्रात कागद घातला आणि उत्तर टाइप केलं. सौजन्यपूर्वक.

पत्र टपालाने घरी आलं. थोरलीने ते सावकाश, एकेक शब्द करत वाचलं.

‘हे पण तूच?’

‘हो.’

‘छान लिहितेस,’ थोरली म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच धाकटीला सोसेना. त्या रविवारी थोरली ट्रंक घेऊन मावशीकडे राहायला गेली. ट्रंक उचलायला धाकटी पुढे झाली, तर ‘राहू दे’ म्हणाली आणि डाव्या हाताने ती ओढत जिना उतरली.