अर्धा उरलेला पाठिंबा

मी अर्धा पेपर बोलतोय. अर्धा म्हणजे फाटलेला नाही, खाल्लेला. कुणी खाल्ला ते सांगतो, पण आधी मला नीट धरा. हात ओले नाहीत ना तुमचे? मला पाण्याची फार भीती वाटते. तेलाचीही वाटते. आलुबोंडे गुंडाळायला कागद शोधणारा माणूस दिसला, की मी घडीत लपतो.

माझा जन्म दारव्ह्याच्या एका लहानशा छापखान्यातला. इथल्या अडाण नदीच्या नावानं दर शुक्रवारी निघणाऱ्या 'अडाणची हाक' या साप्ताहिकाचा मी एक अंक. आमचे संपादक वामनराव. बातम्या तेच लिहितात, जाहिराती तेच आणतात आणि एसटीच्या ड्रायव्हरजवळ गठ्ठेही तेच देतात.

झालं असं, की माझ्या आधीच्या अंकात त्यांनी अमेरिकेवर लेख लिहिला. तिथं म्हणे राष्ट्राध्यक्ष निवडायचा असला की मोठमोठे पेपर छापून सांगतात, आमचा पाठिंबा अमक्याला. मग दोघं उमेदवार समोरासमोर उभे राहून वाद घालतात आणि लोक ऐकून ठरवतात. हा लेख बोरी अरबजवळच्या एका खेड्यात अभिषेक सरांनी वाचला. त्यांच्या शाळेत पालकांच्या समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. सर म्हणाले, आपणही तसंच करू, अमेरिकेत काय सोनं लागलंय.

उमेदवार दोन. एक देवीलाल, त्याच्या घरी बकऱ्या. दुसरा राजदीप, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरवायला वामनराव दोघांकडेही जाऊन आले. राजदीपनं पाणी दिलं. देवीलालकडे मंगली नावाच्या बकरीच्या दुधाचा, अद्रक घातलेला चहा मिळाला, तोही दोनदा. त्या शुक्रवारी माझ्या पहिल्या पानावर आलं, 'अध्यक्षपदासाठी आमचा जाहीर पाठिंबा', आणि त्याखाली देवीलालचं नाव, फोटोसकट.

गठ्ठ्यात बसल्या बसल्या मला घाम फुटला. एवढ्या लोकांचं मत आता माझ्यामुळे फिरणार. आणि चुकलं तर?

कशाचं काय. गावातल्या श्रावणभाऊच्या पानठेल्यावर मला उघडलं, तेव्हा देवीलालकडचे म्हणाले, पेपरात आलं म्हणजे खरं असन. राजदीपकडचे म्हणाले, पेपरवाल्याले चहा पाजला असन. जो ज्याचा होता तो त्याचाच राहिला. बाकीच्यांनी तुरीचा भाव पाहिला, राशिभविष्य वाचलं, आणि एकानं चुन्याचं बोट माझ्या कानाला पुसलं. माणूस आपल्याला आधीच पटलेलं असतं तेवढंच वाचतो.

एकीनंच मला शेवटपर्यंत वाचलं. निकिता तिचं नाव. बिस्किटाचा पुडा घ्यायला आलेली. मला वरून खाली, पुन्हा वर, काहीतरी शोधत होती. मग ठेलेवाल्याला म्हणाली, याच्यात फाटकाचं काहीच नाही.

शाळा ऐन रस्त्यावर, आणि तिचं फाटक दोन वर्षांपासून पडलेलं. रस्त्यावरून कापसाचे ट्रक जातात. मागच्या महिन्यात निकिताची लेक प्रेरणा, पहिलीतली, कुत्र्याच्या पिल्लामागं धावत थेट रस्त्यावर गेली. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून बरं. तेव्हापासून निकिता दिवसातून तीनदा शाळेत जाते, कधी पाण्याची बाटली द्यायला, कधी रुमाल. बाटली पोरीच्या गळ्यातच असते. हे ठेल्यावर ऐकून मला माझ्याच पहिल्या पानाची लाज वाटली.

रविवारी शाळेत वादविवाद झाला. देवीलालनं मला ठेल्यावरून आणलं आणि टेबलावर पसरलं, फोटो लोकांकडे करून. राजदीप म्हणाला, वर्गावर्गात कॉम्प्युटर आणतो. देवीलाल म्हणाला, पोरांची सहल वणीला नेतो, कोळशाची खाण दाखवतो. राजदीपनं विचारलं, लेकरं आधीच काय कमी काळी होऊन येतात? तिथून गोष्ट एकमेकांच्या सासऱ्यांवर गेली. वामनराव भराभर लिहून घेत होते.

मग निकिता उठली. प्रेरणाचं बोट धरून ती टेबलापाशी आली.

"देवीलालभाऊ, फाटकाचं काय?"

"फाटक कायले पाह्यजे, वहिनी? कोण येऊन राह्यलं आत?"

तेवढ्यात मंगली आली. रस्त्यावरून, पडक्या फाटकातून, सरळ रांगेतून, जशी काही तिलाही मत द्यायचं होतं. टेबलाजवळ थांबली, मला हुंगलं, आणि देवीलालच्या फोटोपासून सुरुवात केली. काय सांगू माझी अवस्था! जिच्या दुधाच्या चहावर मी छापलो गेलो, तीच मला चावत होती. फोटो गेला, नाव गेलं, मागच्या पानावरचा तुरीचा भावही गेला.

"काका, हे त तुमचीच मंगली," प्रेरणा म्हणाली.

लोक हसून हसून वाकले. निकिता तेवढी हसली नाही.

"बकरी आत येते, त लेकरू बाहेर जाते, भाऊ," ती म्हणाली. "उद्या जो फाटक लावन, त्याच्यासाठी माह्या हात वर."

राजदीप म्हणाला, मी वर अर्ज करतो. देवीलालनं एकदा मंगलीकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे.

"माह्या गोठ्याचं काढून आणतो," तो म्हणाला. "सकाळी सहाले."

आधी बायांचे हात वर गेले, मग उरलेल्यांचे. राजदीपच्या सख्ख्या भावाचाही.

सोमवारी फाटक लागलं. मंगली आता गावभर मोकळी हिंडते, फक्त शाळेत तिला जाता येत नाही. पुढच्या अंकात वामनरावांनी छापलं, 'आमच्या पाठिंब्याने देवीलाल विजयी'. माझ्या धाकट्या भावंडानं ते छातीवर मिरवलं. मत कुणी फिरवलं ते मला माहीत आहे, तिचे दात अजून माझ्या काठावर आहेत.

निकितानं मला घरी नेलं, तेलाचा डाग नाही ना पाहिलं, आणि प्रेरणाच्या गणिताच्या पुस्तकाला माझं कव्हर घातलं. आता मी रोज दप्तरात बसून त्या फाटकातून शाळेत जातो. निकिता दिवसातून एकदाच येते. बाटली घेऊनच येते, पण एकदाच.

एक विनंती. पेपर बकरीपुढे टाकण्याआधी एकदा वाचा, आणि त्यात काय छापलेलं नाही तेही शोधा. मला म्हणाल तर माझं बरं चाललंय. वर अजून ठळक अक्षरं आहेत, 'अध्यक्षपदासाठी आमचा जाहीर पाठिंबा'. खालचं नाव मंगलीनं खाल्लं. त्या जागी निकितानं पांढरा कागद चिकटवून दिला, आणि पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरांत, आता लिहिलं आहे, 'कु. प्रेरणा, इयत्ता पहिली'.

या पाठिंब्याची मात्र मला अजिबात काळजी वाटत नाही.